जुने लॅपटॉप-मोबाईल किलोवर देण्याआधी: खान्देशात काय करता येईल?

गिरणाकाठ

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे साधारण २०१७ च्या आधी घेतलेली, आजही नीट चालणारी यंत्रं एका तारखेला 'जुनी' ठरली. जळगावात सीएंची ऑफिसं, पतसंस्था, दवाखाने, सगळीकडे हे संगणक टेबलावरून उतरून माळ्यावर नाहीतर जिन्याखाली चालले आहेत. तिथून पुढे भंगार, तेही किलोवर.

आम्ही काही मित्र जळगाव आणि चाळीसगावात अशी यंत्रं गोळा करतो, दुरुस्त करतो आणि गरजू मुलांना, शाळांना देतो. संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. ओळखीतून काम चालतं.

हे का करायचं, ते आकड्यांवरून कळतं. ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. रीतसर गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची. भारताचा वाटा ४१ लाख टन. चीन आणि अमेरिकेनंतर आपलाच नंबर. आणि लॅपटॉपच्या आयुष्यातलं बहुतेक प्रदूषण तो कारखान्यात तयार होतानाच होऊन गेलेलं असतं: खाणी, चिप, स्क्रीन. म्हणून चालणारं यंत्र आणखी चार वर्षं वापरलं तर जो फायदा होतो, तो ते वितळवून होत नाही.

आता मुद्द्याचं. गोळा करणं अवघड नाही, लोक मनापासून देतात. दुरुस्तीही जमते. अडतं ते नंतर. माझं मत आता ठाम झालंय की बिघाड झाल्यावर ज्या गावात दोन-चार दिवसांत जाणता माणूस पोचू शकत नाही, तिथे यंत्र देऊन मोकळं होऊ नये. आधी माणूस शोधायचा, मग यंत्र द्यायचं. धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून शाळा डिजिटल झाल्या, ते फार मोठं काम होतं. त्या वेळची उपकरणं आता म्हातारी झाली आहेत. त्यांना सांभाळणारे हात कुठून आणायचे, हा प्रश्न आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांचा आहे.

दुरुस्तीवाले, शिक्षक, भंगाराच्या धंद्यातले, सगळ्यांनी लिहा.

पेचकस

गिरणाकाठ भाऊ, चांगला धागा. भुसावळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, म्हणून यंत्राबद्दलच लिहितो.

आपल्याकडच्या यंत्रांचं दुखणं वेगळं आहे. कोकणात दमट हवेने बोर्ड गंजतात, आपल्याकडे धूळ आणि ऊन मारतं. जिनिंगच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला की पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) यांच्या मधे रुईची गादी सापडते. पांढरी नाही, काळपट, तेलकट. चिमट्याने एक टोक धरून ओढली तर सलग पट्टी निघते. मालक सांगतो, मशीन स्लो झालं, दुपारी आपोआप बंद पडतं. तोवर कोणीतरी त्यात दोनदा विंडोज टाकून पैसे घेतलेले असतात. वारा जायला वाटच नाही म्हटल्यावर प्रोसेसर तापतो, तापला की स्वतःचा वेग उतरवतो आणि शेवटी मशीन बंद होतं. भुसावळच्या मे महिन्यात, ४५ डिग्रीच्या दुपारी, दुसरं काय होणार?

साफ करताना ब्लोअर सरळ मारू नका. आधी रुई काढा, मग पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि हवा मारा. नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. जुनी वाळलेली थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी अगदी थोडी लावा.

दुसरी गोष्ट हार्ड डिस्क. ती काढून साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप मिनिटाच्या आत सुरू होतो. पैसे एकाच भागावर घालायचे असतील तर इथे घाला. रॅम बदलताना मात्र बघून घ्या. इंटेलच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची असते. खाच सारखीच, त्यामुळे ती बसते, पण मशीन उठत नाही. असे कितीतरी चांगले बोर्ड 'डेड' म्हणून फेकले गेलेत.

आणखी एक. 'इंटरनेट चालत नाही' म्हणून मशीन येतं. वायफाय जोडलेलं असतं, पण एकही साइट उघडत नाही. कोपऱ्यातली तारीख बघा, कुठलं तरी जुनंच साल दिसेल. आतला सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ मागे जातं आणि ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. एका सेलचं काम! ज्या गावात यंत्र द्याल, तिथे हे एवढं तरी एकाला शिकवून या.

फुगलेली बॅटरी: टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसलं की काम थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. पॅक सावकाश काढा आणि वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवा. बरेच लॅपटॉप बॅटरीविना नुसत्या अडॅप्टरवर चालतात. चांगल्या बॅटऱ्या साठवायच्या असतील तर निम्म्या चार्जवर ठेवा, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत अजिबात नको.

२ जीबी रॅमवरचं, वाढवता न येणारं मशीन घेऊ नका. आजच्या साइट त्यावर उघडतात, चालत नाहीत. ४ जीबीवर लिनक्स मिंट एक्सएफसीई (विंडोजऐवजी चालणारी फुकट, हलकी प्रणाली) बरा चालतो, ८ असली तर पोरगं बारावीपर्यंत बिनघोर.

कान्हदेश

भाऊ, बठ्ठं खरं शे. मनाकडे बी दोन मोबाईल नि एक लॅपटॉप पडेल शे. कव्हय येतस लेवाले?

मेहरूण

काम चांगलं आहे, पण मला भीती वाटते ती आतल्या माहितीची. आमच्या घरी तीन जुने फोन कपाटात आहेत. त्यात बँकेचे मेसेज, आधारचे फोटो, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो. 'रिसेट मारा आणि द्या' हे सांगणं सोपं आहे. परत मिळवता येतात असं ऐकलंय. आणि उलट बाजूही सांगते. कोणी आणून दिलेला फोन चोरीचा निघाला तर? तो ज्या मुलीच्या हातात द्याल, तिच्या दारात पोलीस येतील. गिरणाकाठ दादा, याचा विचार केला आहे का? आणि असं गोळा करून वाटायला काही परवाना लागतो का, तेही सांगा.

पाचोऱ्याचा_पुणेकर

ताई, दोन्ही शंका रास्त आहेत. मी पुण्यात एका कंपनीत आयटीचं बघतो. जुनी यंत्रं बाहेर काढण्याचंच काम असतं, म्हणून जरा सविस्तर.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर नुसतं फॉरमॅट पुरत नाही. सगळ्या डिस्कवर एकदा शून्य लिहून काढायचं. एनवाइप हे फुकट साधन ते करतं. आजच्या डिस्कला एक फेरी पुरते. एसएसडीचं वेगळं. ती आतल्या आत जागा बदलत लिहिते, त्यामुळे वरून शून्य लिहिलं तरी काही कप्पे सुटतात. तिच्यासाठी कंपनीने दिलेली सिक्युअर इरेजची आज्ञा वापरायची. ज्याला यातलं काहीच नको, त्याने डिस्क काढून स्वतःकडे ठेवावी आणि बिनडिस्कचं यंत्र द्यावं. पेचकस भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तशीही नवी एसएसडी बसणारच आहे.

फोनचं थोडं सोपं आहे. गेल्या काही वर्षांतल्या अँड्रॉइड फोनमधली माहिती मुळातच सांकेतिक रूपात साठवलेली असते. रिसेट केल्यावर तिची किल्लीच नष्ट होते. पण रिसेटच्या *आधी* सेटिंगमध्ये जाऊन गूगल खातं काढा. ते राहिलं तर फोन पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचाच पासवर्ड मागतो, आणि चांगला फोन कायमचा अडकतो. मेमरी कार्ड आणि सिम काढायला विसरू नका. आजी-आजोबांचे फोन घेताना त्यांच्यासमोर बसून हे करा, पासवर्ड बहुतेक वेळा नातवाला माहीत असतो.

चोरीचा फोन ओळखायला: *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा. 'केवायएम', मग जागा सोडून तो १५ अंकी क्रमांक, असा मेसेज रोमन लिपीत १४४२२ ला पाठवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही तपासता येतं. क्रमांक ब्लॉक केलेला किंवा बनावट दिसला तर फोन घ्यायचाच नाही. आणि देणाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्या: नाव, क्रमांक, सही. यात संकोच नको.

परवान्याबद्दल. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात नूतनीकरण करून विकण्याचा धंदा करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीची तरतूद आहे. वर्षात केव्हाही किमान १००० उपकरणं वापरात असलेली संस्था 'मोठी ग्राहक' ठरते. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा प्रक्रिया करणारे यांनाच द्यायचा असतो. म्हणजे मोठ्या कारखान्याने 'घेऊन जा ढीगभर' म्हटलं तर हरखून जाऊ नका, आधी कागद बघा. काम वाढलं की नोंदणीचं मनावर घ्या.

कंपन्यांच्या लॅपटॉपबद्दल एक सावधगिरी. काहींच्या बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) पासवर्ड असतो, काही कंपनीच्या यादीत नोंदलेले असतात. विंडोज नव्याने टाकलं तरी इंटरनेटला जोडताच कंपनीचं लॉगिन मागतात. देणाऱ्या आयटीवाल्याकडून यादीतून नाव काढून घ्या. ते काम तिथे पाच मिनिटांचं असतं, जळगावात बसून ते होत नाही.

मेहरूण

धन्यवाद. इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. रविवारी मुलीला घेऊन बसते आणि फोटो आधी उतरवून ठेवते.

अक्राणीचा_शिक्षक

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मूळ पोस्टमधला मुद्दा मला अगदी पटला, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मदत म्हणून डेस्कटॉप आले. देणारे चांगल्या मनाचे होते. कार्यक्रम झाला, फोटो झाले. यूपीएस कोणी दिले नव्हते. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते, आणि येते तेव्हा व्होल्टेज खाली-वर होतं. एकेक करत एसएमपीएस (आतले वीजपुरवठ्याचे डबे) गेले. शहाद्याला दुरुस्तीला न्यायचं तर जीपने घाट उतरून जाणं-येणं, त्यात अख्खा दिवस मोडतो, आणि त्या दिवशी वर्ग कोणी घ्यायचा?

पण खरी अडचण वेगळीच आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. वस्तू देणगी म्हणून घेतली की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, तिची नोंद होते. नोंद झाली की ती सरकारी मालमत्ता. बंद पडली तरी निर्लेखनाची (नोंदीतून काढून टाकण्याची) मंजुरी येईपर्यंत ती टाकता येत नाही, कोणाला देता येत नाही, एकाचा भाग काढून दुसऱ्याला लावता येत नाही. चार बंद यंत्रांतून दोन चालू करता आली असती, तरी हात बांधलेले. ते संगणक आजही कपाटाशेजारी उभे आहेत आणि तपासणीला दरवेळी मोजले जातात.

म्हणून कळकळीची विनंती: शाळेला दान देऊ नका, वापरायला द्या. साध्या कागदावर लिहा की यंत्र गटाच्या मालकीचं आहे, शाळेकडे वापरासाठी ठेवलं आहे, बिघडल्यास गट बदलून नेईल. मुख्याध्यापकांची पोच घ्या. मग बंद यंत्र तुम्ही उचलून न्याल आणि दुसरं ठेवाल, कोणाला विचारायला नको.

आणि डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप. वीज गेली तरी तास पूर्ण होतो, व्होल्टेजचा फटका अडॅप्टरवर निभावतो. त्यात किविक्स (इंटरनेटशिवाय वाचायचं ॲप) टाकून मराठी विकिपीडिया आणि बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ भरून द्या. आमच्याकडे नेटवर्कसाठी टेकडीवर जावं लागतं, इंटरनेट धरून चालू नका.

जुन्या फोनचा एक उपयोग सांगतो. माझी मुलं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. पहिलीत आल्यावर पुस्तकातली मराठी त्यांना परकी असते. एका ओळखीच्यांनी दिलेला बिनसिमचा फोन आहे, काच कोपऱ्यात तडकलेली, वर पारदर्शक चिकटपट्टी. मुलं तो घरी नेतात आणि आजीची गोष्ट रेकॉर्ड करून आणतात. बटण दाबलं की आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग पाड्याचं, मग फोन आजीच्या तोंडाशी धरायचा, हा नियम त्यांनीच केलाय. वर्गात आम्ही ती गोष्ट ऐकतो, फळ्यावर देवनागरीत पावरीत लिहितो, खाली मराठीत. वाचायला न लागलेली मुलं स्वतःच्या आजीचं वाक्य फळ्यावर बोटाने शोधतात. त्या फोनला बाजारात कोणी विचारणार नाही. माझ्या शाळेत तो सगळ्यात जास्त वापरला जातो.

दिवाळीनंतर बरीच कुटुंबं ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात. पोरंही जातात. त्या काळात फोन शाळेत राहतो. म्हणून एका मुलाच्या नावाने देण्यापेक्षा शाळेत ठेवलेला बरा.

गिरणाकाठ

सर, 'वापरायला द्या' हे सोन्यासारखं सांगितलंत. यापुढे शाळांसाठी आमची हीच पद्धत राहील. मालकी आमच्याकडे राहिली की जबाबदारीही आमच्याकडेच राहते, आणि तेच हवं आहे. देऊन झालं, फोटो झाला, विषय संपला, अशी पळवाट उरत नाही. कागदाचा मसुदा तयार करून इथेच टाकतो, तुम्ही शाळेच्या नजरेने तपासून द्या.

कान्हदेश भाऊ, यी राहिनू. गाव तेवढं व्यनि (खासगी निरोप) करा.

तराजू

बराच वेळ वाचतोय, आता लिहितोच. धुळ्यात आमच्या घराचा पिढ्यांचा भंगाराचा धंदा. भंगारवाला म्हणजे कचरा करणारा, असं समजू नका. दारोदार फिरून खान्देशातला जेवढा ई-कचरा आमची माणसं उचलतात, तेवढा कुठलीच मोहीम उचलत नाही.

अडचण तराजूची आहे. आम्ही वजनावर घेतो, वजनावर विकतो. चालू बोर्ड आणि मेलेला बोर्ड, काट्याला दोन्ही सारखेच. लॅपटॉप आला की पोरगा तो उघडून प्लास्टिक, ॲल्युमिनियम, बोर्ड वेगळं करतो. तो चालतो का, हे बघायला त्याला ना वेळ आहे ना चार्जर. बोर्ड पुढे मोठ्या व्यापाऱ्याकडे. दिल्लीतलं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही या मालाची मोठी ठिकाणं. मुरादाबादेत आम्लात बुडवून, जाळून धातू काढण्याचे प्रकार वर्षानुवर्षं चाललेत. त्याचं पाणी आणि धूर कोण पितं, ते सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या गावातही वायरी जाळतात. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायऑक्सिन हे विष निघतं, आणि जाळणारी बहुतेक लहान पोरं असतात. मी आमच्याकडे ते बंद केलंय. सोलायचं साधं यंत्र आणलं. सोललेलं तांबं चकचकीत राहतं, त्याला जळक्या तांब्यापेक्षा भाव जास्त मिळतो. हे हिशेबाने पटवलं तर कोणीही ऐकतो, नुसता उपदेश कोणी ऐकत नाही.

जुना पेटीसारखा टीव्ही किंवा मॉनिटर कोणी फोडू नका. त्याच्या काचेत शिसं असतं. जुन्या एलसीडीच्या मागे बारीक नळीचे दिवे असतात, त्यात पारा. हे दोन्ही प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत कारखान्यातच जायला हवं.

माझा प्रस्ताव असा. गोदामात लॅपटॉप आणि फोन मी न उघडता बाजूला ठेवतो. पंधरवड्यातून तुमचा एक माणूस येऊ द्या. त्याने तिथेच चार्जर लावून बघावं. चालणारं घ्या, किलोच्या भावापेक्षा थोडं वर द्या, पावती घ्या. राहिलेलं आम्ही आमच्या वाटेने लावतो. पोराला दोन पैसे जास्त मिळाले की पुढच्या वेळी तो स्वतःच लॅपटॉप उघडायचा थांबेल.

पेचकस

तराजू भाऊ, धुळ्याला मी येतो. माझ्याकडे चार्जरचा अख्खा संच आहे. मेलेले बोर्डही बघू द्या, त्यावरचे कनेक्टर, चिप, स्क्रीनची केबल मला लागतात. नवीन केबल मागवली तर गिऱ्हाईक म्हणतं राहू दे, आणि तेवढ्यावरून लॅपटॉप भंगारात येतो.

गिरणाकाठ

तराजू भाऊ, मंजूर. फोनच्या बाबतीत आयएमईआय तपासून आणि पावतीवर क्रमांक लिहूनच घेऊ, म्हणजे तुम्हालाही त्रास नको.

शिरपूरची_सखी

मी बचत गटांचं काम करते. आमच्या बऱ्याच ताईंकडे फोन नाही, नवऱ्याच्या फोनवर ओटीपी येतो आणि पैसे कुठे गेले ते कळत नाही. असे दुरुस्त केलेले फोन त्यांना मिळाले तर स्वतःचं खातं स्वतः बघतील. देता येतील का?

पाचोऱ्याचा_पुणेकर

सखीताई, देता येतील, पण कुठलाही जुना फोन नको. ज्या फोनला सुरक्षेचे अपडेट येणं बंद झालंय, त्यावर पैशाचं ॲप टाकू नये. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी अपडेट' ची तारीख दिसते. ती अलीकडची असेल तोच फोन तुमच्या ताईंना. बाकीचे सरांच्या शाळेसारख्या कामाला: रेकॉर्डिंग, पुस्तकं, व्हिडिओ. घेतानाच दोन ढीग वेगळे करा. आणि फोन देताना सिम त्या ताईंच्याच नावाचं आहे ना आणि बँकेत तोच नंबर लावलाय ना, एवढं बघा. नाहीतर ओटीपी जुन्याच फोनवर येत राहील.

शिरपूरची_सखी

नंबर बदलण्याचा फॉर्म मी स्वतः त्यांच्यासोबत बँकेत जाऊन भरून घेईन. फोन मिळाले की कळवा.

अक्राणीचा_शिक्षक

पेचकस भाऊ, एक विचारतो. सुट्टीत आमच्या भागातली दहावी-बारावी झालेली दोन मुलं तुमच्या दुकानात शिकायला ठेवली तर चालेल का? राहण्याची सोय आम्ही बघू. शहाद्यापर्यंत न उतरता रॅम, सेल, पंखा, एसएसडी एवढं पाड्यावरच झालं तर आमचं निम्मं काम होईल.

पेचकस

सर, पाठवा. जेवण माझ्या घरी. लग्नसराई संपली की जून-जुलैत दुकानात जरा निवांत असतं, तेव्हा नीट शिकवता येईल. पहिले काही दिवस फक्त मेलेल्या यंत्रांवर हात बसू दे, ती तराजू भाऊंकडून आणतो. जाताना त्यांना पेचकसांचा संच, मल्टीमीटर आणि सेलचं पाकीट देईन.

आणि देणाऱ्या सगळ्यांना: लॅपटॉप देताना त्याचाच चार्जर शोधून द्या. बहुतेक चार्जर १९ व्होल्टच्या आसपासचे, पण पिना वेगळ्या आणि अँपिअर वेगळे. कमी अँपिअरचा लावला की तो तापतो आणि बॅटरी भरत नाही. चार्जरवर कागदाची पट्टी चिकटवून लॅपटॉपचं मॉडेल लिहा. अर्धा वेळ आमचा पिना जुळवण्यात जातो.